कोरेल्लीचा ‘नाताळ कॉन्चेर्तो’ विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडून कसा बसवायचा

बरोक संगीत (साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत) विद्यार्थ्यांसाठी सोपं, असा समज वाद्यवृंद चालवणाऱ्यांमध्ये पक्का बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. इटालियन संगीतकार आर्कान्जेलो कोरेल्लीच्या ओपस ६ मधला आठवा कॉन्चेर्तो ग्रोसो (छोटा एकल गट आणि मोठा वाद्यवृंद यांची रचना) घ्या, जी मायनरमधला, ज्याला सगळे ‘नाताळ कॉन्चेर्तो’ म्हणतात. डाव्या हाताला धडकी भरावी असं त्यात काही नाही. कोरेल्ली व्हायोलिनला सहसा तिसऱ्या पोझिशनच्या वर नेत नाही, आणि रिपिएनोचं, म्हणजे साथीच्या मोठ्या गटाचं, बरंचसं काम पहिल्याच पोझिशनमध्ये उरकतं. व्हायोलिनच्या परीक्षांच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडची मुलं पहिल्या तालमीत सगळे स्वर वाजवून मोकळी होतात. त्यानंतर दोन महिने तालमी झाल्या तरी वादन पाढे म्हटल्यासारखंच राहतं.

याचं कारण असं की इथली अडचण उजव्या हातात आणि कानात आहे. कुठला स्वर जड आणि कुठला हलका? कुठला स्वर बासशी खटकतो आणि तो खटका कुठे सुटतो? प्रत्येक ओळीला हे दोन प्रश्न विचारायचे. बोइंग (गज चालवणं), सूर, लय, ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने अदलाबदल) हे सगळं या दोन प्रश्नांच्या पोटातलं आहे.

माणसं किती, कुठे बसवायची

ओपस ६ चे बारा कॉन्चेर्तो १७१४ साली आम्स्टरडॅममध्ये एस्तिएन रोझेरने छापले. कोरेल्ली आदल्या वर्षीच्या जानेवारीत रोममध्ये वारला होता. वाटणी मुखपृष्ठावरच दिलेली आहे. दोन व्हायोलिन आणि एक चेलो यांचा कॉन्चेर्तिनो आवश्यक. आणखी दोन व्हायोलिन, व्हायोला आणि बास यांचा कॉन्चेर्तो ग्रोसो ऐच्छिक, आणि त्यातले वादक हवे तर वाढवता येतील. ज्याला आपण रिपिएनो म्हणतो तो हाच दुसरा गट. विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदासाठी यापेक्षा सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. कॉन्चेर्तिनोचे तिघे जवळजवळ अखंड वाजवतात, बाकीचे येऊन त्यांना मिळतात. परीक्षेच्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तालीम होऊ शकते. संगीतकार जॉर्ज मुफ्फाटने रोममध्ये कोरेल्लीचे कॉन्चेर्तो स्वतः ऐकले होते. १७०१ मध्ये आपले कॉन्चेर्तो छापताना त्यानेही फक्त तिघांपासून पूर्ण ताफ्यापर्यंत सगळे पर्याय लिहून ठेवले.

वीस जण असतील तर ही वाटणी चांगली बसते: कॉन्चेर्तिनो ३, रिपिएनोची पहिली व्हायोलिन ५, दुसरी ५, व्हायोला ३, चेलो २, डबल बास १, कीबोर्ड १. व्हायोलिन शिकणारी मुलं सगळीकडे जास्त असल्यामुळे मोह होतो तो पंधरा-सोळा व्हायोलिन आणि एक बिचारा चेलो असा संच उभा करण्याचा. तो टाळा. जर्मन बासरीवादक क्वान्ट्झने १७५२ मध्ये दिलेलं प्रमाण बघा: चार व्हायोलिनमागे एक व्हायोला, एक चेलो आणि मध्यम आकाराचा एक डबल बास. म्हणजे दर चार व्हायोलिनमागे खाली दोन बासवाद्यं. या संगीताचा पाया जाड लागतो. व्हायोलिन जास्तच असतील तर त्यांना आळीपाळीने वाजवू द्या, अर्धी एका भागाला आणि अर्धी दुसऱ्या.

मुंबई, पुणे, गोवा, कुठेही बघा, अडतं ते व्हायोलाशी. तिसऱ्या व्हायोलिनला व्हायोलाची ओळ देऊन खालचे स्वर एक सप्तक वर नेणं हा नेहमीचा तोडगा, पण तो वाईट आहे. मधला स्वर उडी मारून दुसऱ्या व्हायोलिनच्या वर जातो आणि रचनेचं पोट मोकळं पडतं. त्यापेक्षा दोन-तीन व्हायोलिनना व्हायोलासारख्या तारा चढवा, सी-जी-डी-ए. व्हायोलिनच्या लांबीसाठी बनवलेले असे संच मिळतात. सी तार जरा पोकळ बोलते, पण पट्टी जागेवर राहते. मुलांना आल्टो क्लेफ (व्हायोलाची स्वरलिपी) शिकायला दोन आठवडे द्या.

बसण्याची व्यवस्था: कॉन्चेर्तिनोची दोन व्हायोलिन पुढे, समोरासमोर, उभी. ही दोघं पूर्ण वेळ एकमेकांच्या ओळी ओलांडत असतात, तेव्हा एकमेकांचा गज दिसलाच पाहिजे. कॉन्चेर्तिनोचा चेलो मध्यभागी, कीबोर्डला चिकटून, म्हणजे कीबोर्डवाल्याला चेलोची बोटं दिसतील असा. डबल बास त्यांच्या लगेच मागे. तो भिंतीकडच्या कोपऱ्यात गेला की उशिरा ऐकू येतो.

कीबोर्ड

हार्प्सिकॉर्ड मिळाला तर उत्तम. बहुतेकांच्या वाट्याला डिजिटल पियानो येतो, आणि तो पुरतो. हार्प्सिकॉर्डचा आवाज निवडा. स्पीकर सभागृहाच्या ध्वनिक्षेपकाला जोडू नका. जमिनीवर, चेलोच्या पायाशी ठेवा. पाचव्या रांगेतल्या माणसाला कीबोर्ड वेगळा ऐकू आला तर तो मोठा आहे. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं तर तो बरोबर आहे.

बासच्या ओळीवर, त्यावर कुठले स्वर वाजवायचे ते सांगणारे आकडे असतात. छापील आवृत्त्यांमध्ये त्या आकड्यांवरून आधीच लिहून दिलेला उजवा हात असतो. तो जसाच्या तसा वाजवला तर बहुतेक वेळा गर्दी होते. डाव्या हाताने चेलोची ओळ, उजव्याने जास्तीत जास्त तीन स्वर, आणि तेही बास चालत असताना फक्त जड ठोक्यांवर. प्रत्येक क्वेव्हरवर (अर्ध्या मात्रेच्या स्वरावर) कॉर्ड मारणारा विद्यार्थी सगळ्या वाद्यवृंदाला चिखलात ओढतो.

सूर मिळवणं

ए ४१५ चा (म्हणजे बरोक वादनात वापरतात त्या खालच्या पट्टीचा) हट्ट धरू नका. आधुनिक तारा अर्धा स्वर उतरवल्या की सैल पडतात, खालच्या तारा खरखरतात आणि पुढचे काही दिवस सूर टिकत नाही. विद्यार्थ्यांच्या वाद्यांवर ४४० बरं.

मिळवण्याची पद्धत मात्र बदला. प्रत्येकाने ए घेऊन पुढच्या तारा शुद्ध पंचमाने मिळवल्या, तर व्हायोलाच्या सी पासून व्हायोलिनच्या ई पर्यंत चार पंचम साठतात आणि सी-ई हा गंधार शुद्ध गंधारापेक्षा २२ सेंट चढा निघतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). प्रत्येक जण आपापल्या वाद्यावर सुरात आणि सगळे मिळून बेसूर, हे कोडं असं तयार होतं. त्यामुळे चारही तारा कीबोर्डवरून, एकेक करून मिळवा. पंचम किंचित आखूड होतील, होऊ द्या. बऱ्याच डिजिटल पियानोंमध्ये टेम्परामेंट (स्वरांमधली अंतरं ठरवण्याची पद्धत) बदलण्याची सोय असते. असेल तर वेर्कमाइस्टर नावाची पद्धत निवडा. मीनटोन ही दुसरी जुनी पद्धत इथे नको, कारण मधला अडाजिओ (संथ भाग) ई फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि फ्लॅटच्या बाजूला सरकत गेलं की मीनटोनमधलं ए फ्लॅट भुंकतं.

सुराच्या बाबतीत आपल्याकडच्या मुलांना एक घरचा फायदा आहे. हार्मोनियमचा गंधार चढा लागतो, ही तक्रार घरात किंवा क्लासमध्ये कुणी ना कुणी ऐकलेली असते. तेच इथे कामाला येतं. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, सा जी वर, पंचम डी वर, आणि त्यावर जी मेजरचा बी लावायला सांगा. कीबोर्डवरच्या बी पेक्षा तो १४ सेंट उतरला की शांत होतो. मग बी फ्लॅट: मायनरमधला हा स्वर उलट कीबोर्डपेक्षा सुमारे १६ सेंट वर लागतो. मुलं नेमकी उलटी चूक करतात, मेजरचा गंधार उत्साहाने चढवतात आणि मायनरचा ‘उदास’ करायला उतरवतात. रोज दोन मिनिटं तानपुऱ्यावर ही जोडी घोटली की महिन्याभरात फरक कळतो. लांब धरलेल्या कॉर्डमध्ये कीबोर्डवाल्याला गंधार गाळायला सांगा. षड्ज आणि पंचम पुरे, म्हणजे तंतुवाद्यांशी भांडण होत नाही.

व्हायब्रेटो बंद ठेवून सुरुवात करा. लिओपोल्ड मोत्सार्टने १७५६ मध्येच प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांना कायमचा ताप भरलाय की काय, अशी टर उडवली होती. व्हायब्रेटो म्हणजे एखाद्या लांब स्वरावरचा दागिना. एकल वादकांनी तो चार ठिकाणी वापरला तर हरकत नाही. रिपिएनोने वापरायचं कारण नाही. पहिले दोन आठवडे उघडं पडल्यासारखं वाटेल. ते उघडं पडणंच हवं आहे, कारण चुकलेलं बोट तेव्हाच ऐकू येतं.

गज

बरोक गज नसला तरी चालतं. आधुनिक गज टाचेपासून (गज धरतो त्या टोकापासून) तीन-चार सेंटिमीटर वर धरा. टोक हलकं होतं, मनगट मोकळं होतं, स्वर आपोआप टोकाकडे विरतो. केस नेहमीपेक्षा थोडे सैल ठेवा.

मग एकच व्यायाम, रोज पाच मिनिटं. जी मायनरची स्वरपंक्ती क्रॉचेटमध्ये (एकेका मात्रेच्या स्वरांत), प्रत्येक स्वर देवळातल्या घंटेसारखा: सुरुवातीला स्पष्ट बोल, मग लगेच उतरण, आणि पुढच्या स्वराआधी हवेचा एक केस. ‘ताss’ म्हणत वाजवायला सांगा, ‘आss’ नाही. हे जमलं की तीन-तीनचे गट: पहिला पूर्ण वजनाचा, दुसरा निम्मा, तिसरा त्याच्याही निम्मा. सगळ्यात जास्त वेळ जातो तो या तिसऱ्या स्वरावर. शाळेत मुलांना ‘पूर्ण गज, भरीव आवाज’ शिकवलेलं असतं, आणि हलका स्वर म्हणजे त्यांना चोरलेला स्वर वाटतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे उड्या. बरोक म्हणजे तुटक, असं कुणीतरी सांगितलेलं असतं, मग क्वेव्हर आल्या की गज टणाटण उसळायला लागतो. आधुनिक गज आतल्या बाजूला वाकलेला असतो, मध्याच्या आसपास तो स्वतःहूनच उसळतो. तेव्हा मध्यापासून तीन-चार बोटं टोकाकडे जा आणि केस तारेवरून उचलू नका. दाब सोडायचा, तार सोडायची नाही. जवळचे स्वर जोडून, उडीचे स्वर किंचित सुटे, एवढा नियम बासच्या चालत्या ओळीसाठी बहुतेक ठिकाणी पुरतो.

डाऊन-बोचा, म्हणजे टाचेकडून टोकाकडे ओढलेल्या गजाचा प्रश्न (उलट दिशेचा तो अप-बो). प्रत्येक बारची पहिली मात्रा डाऊन-बोवर आलीच पाहिजे, ही शिस्त फ्रेंच दरबारातला संगीतकार लुली याच्या पद्धतीतली आहे. मुफ्फाटने १६९८ मध्ये तिचे नियम सविस्तर लिहिले. पण कोरेल्लीकडे शिकलेला जेमिनियानी १७५१ मध्ये याच नियमाला नावं ठेवतो. म्हणजे इटालियन संगीतात जड मात्रा अप-बोवर आली तरी ती जड वाजवता आली पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी मधला मार्ग असा: ओळीची सुरुवात आणि शेवटचा ठराव (ओळ जिथे विसावते ती जागा) डाऊन-बोवर येईल एवढी सोय करा, मधे गज जसा येईल तसा येऊ द्या. दर बारला गज उचलून परत आणायला लावलं तर तालमीत निम्मा वेळ त्यातच जातो आणि ओळ तुटते ती तुटतेच.

काहीही ठरवा, पण सगळ्यांचं एक ठरवा. जेमिनियानीने संगीताचा इतिहासकार बर्नी याला सांगितलेली आठवण अशी की तालमीत एकही गज वेगळ्या दिशेला दिसला की कोरेल्ली ताबडतोब सगळ्यांना थांबवायचा. रोममध्ये त्याचं नाव ज्या एकजिनसीपणासाठी झालं तो इतका साधा होता. पहिल्या तालमीआधी सगळ्या प्रतींवर पेन्सिलीने खुणा पूर्ण करा. शालेय आवृत्त्यांमध्ये संपादकांनी घातलेल्या लांब स्लर (स्वर एका गजात जोडणाऱ्या कमानी) आणि क्रेशेंडोच्या (आवाज वाढवण्याच्या) खुणा असतील तर त्या आधी खोडा. त्यातलं कोरेल्लीचं काहीच नसण्याची शक्यता दाट असते. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे जुन्या छपाईच्या प्रती ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतात. एकदा ताडून बघाच.

भागवार

सुरुवातीचा विवाचे काही बारांचाच आहे, तीन मात्रांचा: सगळ्यांचे कॉर्ड आणि मधे शांतता. बरोक काळात विवाचे म्हणजे अलेग्रोपेक्षा वेगवान असं नव्हतं. मिनिटाला १०० क्रॉचेटच्या आसपास पुरे. इथे सुरुवात एकत्र होते, शेवट होत नाही. प्रत्येक कॉर्ड किती मात्रा वाजतो ते मोठ्याने मोजून घ्या आणि तो संपताना गज चालता ठेवून तारेवरून काढा. गज तारेवर दाबून थांबवला की आवाज कापला जातो. काढला की वाद्य स्वतःच घुमतं, आणि शांततेत ऐकण्यासारखं काहीतरी उरतं.

मग ग्रावे. सगळ्या रचनेतला सर्वात सोपा दिसणारा आणि सर्वात जास्त फसणारा भाग हाच. वर कोरेल्लीची सूचना आहे, तिचा अर्थ: गजाने, धरून, आणि जसं आहे तसं. ‘जसं आहे तसं’ म्हणजे इथे स्वतःची नक्षी नको. त्या काळचे वादक संथ भागात स्वर सजवत असत, म्हणून ही आगाऊ तंबी. नक्षी काढून घेतल्यावर उरतात फक्त सस्पेन्शनच्या, म्हणजे अडकलेल्या स्वरांच्या साखळ्या. एक व्हायोलिन स्वर धरून ठेवतं, खाली बास सरकतो, धरलेला स्वर खटकायला लागतो आणि मग एक पायरी उतरून सुटतो. तोवर दुसरं व्हायोलिन अडकलेलं असतं.

हे मुलांना कसं शिकवायचं? बासच्या ओळीवरचे आकडे वापरा. ४-३, ७-६, ९-८ अशी जोडी दिसली की त्या ठिकाणी वर कुणीतरी अडकलेलं आहे, हे नक्की. एका तालमीची पहिली वीस मिनिटं सगळ्यांना बासची ओळ वाटा, आकडे शोधायला लावा, आणि तो खटकणारा स्वर कुणाकडे आहे ते ऐकून ओळखायला लावा. ज्याच्याकडे सापडेल त्याने आपल्या प्रतीवर चांदणी काढायची. मग दोनच ओळी वाजवा, बास आणि चांदणीवाला. नियम: धरलेल्या स्वराची सुरुवात साधी, बास सरकला की गजाचा वेग वाढवून तो स्वर फुगवायचा, सुटला की सोडून द्यायचं. दाब वाढवून नव्हे, वेग वाढवून. दाबाने आवाज घोगरा होतो आणि खटका भांडणासारखा ऐकू येतो. तयारी आणि खटका एकाच गजात, सुटका त्याच गजाच्या शेपटीत किंवा पुढच्या हलक्या गजात. खटक्याच्या मधोमध गज बदलला की सगळं गेलं.

लय मिनिमला (दोन मात्रांच्या स्वराला) ४० च्या आसपास ठेवा आणि दोनात मोजा. चारात मोजलं की प्रत्येक क्रॉचेट उभी राहते आणि ग्रावेची अंत्ययात्रा होते.

पुढच्या अलेग्रोत तीच साखळी धावते. दोन एकल व्हायोलिन एकमेकांत गुंततात आणि चेलो खाली क्वेव्हरमध्ये चालत राहतो. १०४ ते ११२ ही क्रॉचेटची लय विद्यार्थ्यांना झेपते. इथे सगळा भार चेलोवर असतो आणि बहुतेक वेळा चेलोला कुणी तालमीत बघतच नाही. त्याची ओळ एकटी बसवा, जणू तोच एकल वादक आहे. चार क्वेव्हरमधली पहिली जड, तिसरी थोडी, दुसरी आणि चौथी नुसत्या सरकत्या. चेलो एकसारख्या वजनाने वाजला तर वरच्या दोघांनी कितीही जीव ओतला तरी पाढे सुरूच.

रिपिएनो इथे मधूनमधून येतो, आणि उशिरा येतो. मुलं एकल वादकांना ऐकत बसतात आणि ‘आता आपण’ हे कळेपर्यंत अर्धी मात्रा निघून जाते. एक मात्रा आधीच गज तारेवर ठेवणं आणि कॉन्चेर्तिनोच्या चेलोसोबत श्वास घेणं, एवढ्याने बरंच सुटतं. आणि रिपिएनो आला की जोरात वाजवायचं नसतं. माणसं वाढली की आवाज वाढणारच. त्यावर आणखी जोर दिला की रचना दर चार बारांनी दचकते.

अडाजिओ-अलेग्रो-अडाजिओ या तिसऱ्या भागात बसवायचे ते सांधे. मधला अलेग्रो अगदी थोडक्यात संपतो. मुलांना त्याची लय सापडेपर्यंत तो गेलेला असतो. तेव्हा तालमीत अडाजिओचे शेवटचे दोन बार आणि अलेग्रोचे पहिले दोन, एवढंच दहा वेळा. परतीचा सांधा तसाच. अडाजिओ परत येतो तेव्हा पहिल्या व्हायोलिनने थोडी नक्षी घालावी, पण आधी साधी ओळ पाठ असू द्या. दोन ठिकाणी दोन-दोन स्वर भरले तरी पुरतात.

चौथा विवाचे तीन मात्रांचा. एका बारला एकच ठोका जाणवला पाहिजे. क्रॉचेट १२६ च्या पुढेमागे. ठरावाच्या आधी दोन बारांच्या सहा मात्रा तीन-तीनऐवजी दोन-दोन-दोन अशा पडतात का, ते शोधा. तीन मात्रांच्या बरोक संगीतात हे जागोजागी सापडतं, आणि तिथे बारच्या रेषेला मान द्यायचा नसतो. पाचवा अलेग्रो दोनात मोजायचा, हलक्या नाचासारखा. तो न थांबता पास्तोरालेत उतरतो.

पास्तोराले जी मेजर, १२/८. नाताळच्या दिवसांत डोंगराकडचे मेंढपाळ आपली सनई आणि मशकवाद्य घेऊन रोममध्ये वाजवायला येत, त्यांच्या सुरावटीची ही आठवण. खालचा धरलेला जी म्हणजे मशकेचा भरणा, आपल्या सूरपेटीसारखाच. चेलो-बासने तो एका पातळीवर, न फुगवता धरायचा. इतक्या मेहनतीने शिकवलेली घंटेची उतरण इथे बंद. कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डऐवजी ऑर्गनचा आवाज लावला तर शोभतो.

बार बारा क्वेव्हरचा, म्हणजे मात्रांच्या हिशेबाने दादऱ्याची दोन आवर्तनं. डोलण्याचा अंदाज यायला ही तुलना बरी पडते. ठेका मात्र डोक्यात ठेवू नका, कारण इथे खाली नाही. चार डोलांपैकी पहिला जड, तिसरा त्याहून कमी, दुसरा आणि चौथा नुसतेच येऊन जाणारे. क्रॉचेट-क्वेव्हर या जोडीतली क्वेव्हर घाईने पुढच्या स्वराला चिकटते, ही इथली कायमची खोड. ‘लां-ब छो’ असं म्हणवून घेतलं की ती सरळ होते. डॉटेड क्रॉचेट ४४ ते ४८. मूळ छपाईत हा भाग ऐच्छिक म्हटला आहे, म्हणजे नाताळाच्या हंगामाबाहेर वाजवताना गाळता येतो. पण मुलं ज्याच्यासाठी सगळं सोसतात तो हाच.

ट्रिल

ठरावावरची ट्रिल वरच्या स्वरापासून आणि ठोक्यावर सुरू होते, कारण वरचा स्वरच खटका असतो. त्यावर किंचित टेका, मग हलवा, शेवटच्या स्वराआधी थांबा. घाबरलेल्या विद्यार्थ्याला चारच स्वर द्या, वर-खाली-वर-खाली, आणि मोकळा करा. ट्रिल फक्त एकल वादकांना. त्यांची ओळ दुणावणाऱ्या रिपिएनोने साधा स्वर धरावा. दहा व्हायोलिन एका वेळी ट्रिल करायला लागली की शाळा सुटल्याची घंटा होते.

तालमींचा हिशेब

दर आठवड्याला दीड तास धरला तर दहा आठवडे लागतात. पूर्ण रचना पंधरा मिनिटांच्या आसपासची आहे, त्यामुळे वेळ पुरेसा वाटतो. तो वाटतो तितका नसतो. पहिले दोन आठवडे फक्त कॉन्चेर्तिनो आणि सगळे बास. व्हायोलिनच्या मुलांना त्या काळात गजाचा व्यायाम आणि खुणा करायचं काम. तिसऱ्यापासून सगळे एकत्र, पण दर तालमीत एखादा भाग व्हायोलिनशिवाय वाजवा आणि व्हायोलिनवाल्यांना नुसतं ऐकायला बसवा. सहाव्या आठवड्यात हात दाखवणारा माणूस बाजूला करा. वीस जणांना पहिल्या व्हायोलिनच्या श्वासावर सुरू करता येतं, आणि समोर कुणी नसल्यावर मुलं एकमेकांना ऐकायला लागतात. पहिल्या वेळी सगळं विस्कटेल. लगेच परत हात दाखवायला उभे राहू नका, तीन तालमी वाट बघा.

शेवटच्या तीन आठवड्यांत लक्ष ठेवायचं ते ठरावांवर. मुलं प्रत्येक ठरावाला ब्रेक लावतात. लय उतरवायची ती भागाच्या अगदी शेवटी, अन्यत्र नाही. मेट्रोनोम लावून एकदा सलग वाजवलं की कुठे कुठे गाडी हळू होते ते त्यांनाच कळतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी असते, खुंट्या सैल पडून सरकतात आणि गजाचे केस आखडतात; वाजवून झालं की गज सैल करायला विसरू नका. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत उलट, खुंट्या फुगून अडकतात आणि केस लांबतात, म्हणून स्क्रू थोडा जास्त फिरवावा लागतो. सभागृहात एसी असेल तर वाद्यं अर्धा तास आधी पेटीतून काढून ठेवा. कीबोर्डवरून एकेक गट मिळवा, आधी बास, शेवटी एकल व्हायोलिन. पाचव्या भागाआधी पुन्हा एकदा सूर तपासायला थांबलं तरी चालतं. पास्तोरालेच्या आधी थांबता येत नाही.

पास्तोराले हळुवार विरत संपतो. शेवटचा स्वर सुटल्यावर गज आहे तिथेच हवेत ठेवायचे, पहिल्या व्हायोलिनने हात खाली घेईपर्यंत. याची तालीम वेगळी घ्या, निदान तीन वेळा. नाहीतर दुसऱ्या व्हायोलिनमधलं कुणीतरी त्याच क्षणी पान मिटतं.